मोठ्यांची रंगपुस्तके : सोपे मंडल आणि योग्य रंग कसे निवडावेत?

साठी उलटलेल्या वडिलांना वाढदिवसाला मंडलांचे रंगपुस्तक आणि छत्तीस रंगांचा संच भेट द्यावा, दोन दिवस त्यांनी उत्साहाने रंगवायला बसावे आणि तिसऱ्या दिवशी ते पुस्तक कपाटाच्या वरच्या खणात जावे, असा अनुभव अनेक घरांत येतो. विचारल्यास ‘आता हात पूर्वीसारखा चालत नाही’ असे उत्तर मिळते. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. पुस्तकातील कप्पे बारीक असतात, कागद पातळ असतो आणि त्या कागदाला न मानवणारे रंग सोबत आलेले असतात. मात्र रंगवणाऱ्याचा समज होतो की आपलेच काहीतरी उणे पडले.

मोठ्या माणसांसाठी काढलेली रंगपुस्तके आता पुस्तकांच्या दुकानांत, स्टेशनरीच्या दुकानांत आणि इंटरनेटवरील विक्रीस्थळांवर सहज मिळतात. त्यांत मंडलांच्या पुस्तकांचा भरणा मोठा आहे. जवळपास प्रत्येक मुखपृष्ठावर ‘सोपे’, ‘मनःशांतीसाठी’, ‘नवशिक्यांसाठी’ अशी विशेषणे असतात. परंतु ‘सोपे’ या शब्दाला कोणतेही ठरलेले माप नाही. ते माप ग्राहकालाच लावावे लागते. पुस्तक निवडताना आधी कप्प्याचा आकार, मग कागद, मग बांधणी आणि सर्वांत शेवटी रंग असा क्रम ठेवल्यास पैसे आणि उत्साह दोन्ही वाचतात.

मंडल म्हणजे काय?

‘मंडल’ हा मूळ संस्कृत शब्द. वर्तुळ, वलय, समूह असे त्याचे अर्थ आहेत. ऋग्वेदाच्या दहा विभागांना मंडले म्हणतात आणि मराठीतले ‘मंडळ’ही त्याच कुळातले. बाजारात मात्र इंग्रजी उच्चाराच्या वाटेने आलेला ‘मंडला’ हाच शब्द रूढ झाला आहे. बौद्ध वज्रयान परंपरेत मंडल म्हणजे देवतेच्या प्रासादाचा आराखडा. मध्यभागी प्रमुख देवता, भोवती चौरस प्रासाद, चार दिशांना चार दारे आणि बाहेरून वर्तुळांचे वेढे, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. वेरूळच्या बाराव्या लेण्यात मध्यभागी बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व अशा नऊ चौकटींची मंडले दगडात कोरलेली आहेत. तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचे मंडल कित्येक दिवस खपून पूर्ण करतात आणि विधी संपल्यावर ती वाळू गोळा करून वाहत्या पाण्यात सोडतात. महाराष्ट्रातही धार्मिक विधींच्या वेळी सर्वतोभद्र मंडल मांडण्याची प्रथा आहे.

रंगपुस्तकांतील बहुसंख्य मंडलांचा या धार्मिक परंपरांशी थेट संबंध नसतो. मध्यबिंदूभोवती समान भागांत पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, म्हणजे पाकळ्या, कोयऱ्या, त्रिकोण, थेंब, एवढाच त्यांचा अर्थ असतो. काही पुस्तकांत मात्र श्रीयंत्र किंवा देवतांच्या आकृती असतात. ज्यांना त्या आकृती पूजनीय वाटतात, त्यांना त्यांवर हवे ते रंग भरताना संकोच वाटू शकतो. भेट देताना हा विचार करावा. शिवाय श्रीयंत्र दिसते सुटसुटीत, पण नऊ त्रिकोणांच्या छेदांतून त्यात ४३ लहान त्रिकोण तयार होतात आणि ते एकमेकांत अडकलेले असतात. नवशिक्यासाठी ती आकृती सोपी नव्हे.

आधुनिक काळात मंडलाचा मनाशी संबंध जोडला तो स्विस मनोवैज्ञानिक कार्ल गुस्ताव युंग (१८७५-१९६१) यांनी. १९१६ साली त्यांनी आपले पहिले मंडल रंगवले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लष्करी सेवेत असताना ते रोज सकाळी वहीत एक वर्तुळाकृती रेखाटत आणि तिच्यात त्या दिवशीच्या मनःस्थितीचे प्रतिबिंब शोधत. इथे एक फरक ध्यानात घ्यावा. युंग स्वतः आकृती काढत होते. छापील आकृतीत रंग भरणे हे त्याहून वेगळे आणि बरेच सोपे काम आहे.

मोठ्यांसाठी रंगपुस्तक ही कल्पनाही अगदी नवी नाही. अमेरिकेत १९६१ साली कचेरीतल्या साहेबाची थट्टा करणारे रंगपुस्तक निघाले होते. त्याचा हेतू रंगवण्यापेक्षा विडंबनाचा होता. आजची लाट आली ती स्कॉटलंडच्या चित्रकार जोहाना बॅसफर्ड यांच्या ‘सीक्रेट गार्डन’ या २०१३ सालच्या पुस्तकामुळे. त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि पाठोपाठ मंडलांच्या पुस्तकांचा पूर आला. या पहिल्या पुस्तकांची नक्षी अत्यंत बारीक होती. पुढे ज्येष्ठ नागरिक, दृष्टी मंदावलेले वाचक आणि हातांच्या दुखण्याने त्रस्त असलेले लोक यांच्याकडून मागणी येऊ लागली, तसतशी ‘सोपी’ व ‘मोठ्या आकाराची’ पुस्तके निघू लागली.

‘सोपे’ कशाला म्हणावे?

पुस्तक सोपे आहे की अवघड, हे त्यातील सर्वांत लहान कप्प्यावरून ठरते. मुखपृष्ठावर बहुधा त्यातल्या त्यात मोकळी आकृती छापलेली असते. त्यामुळे आतली निदान चार-पाच पाने उलटून पाहावीत. दुकानात करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. नेहमीच्या पेन्सिलीची जाडी सुमारे ७ मिलिमीटर असते. पेन्सिल उलटी धरून तिचे मागचे टोक पानावरील लहान कप्प्यांवर टेकवावे. बहुतेक कप्पे त्या टोकाएवढे किंवा त्याहून मोठे असतील तर पुस्तक सोपे समजावे. निम्म्याहून अधिक कप्पे टोकाखाली झाकले जात असतील, तर ते पुस्तक अनुभवी हातांसाठी आहे.

या परीक्षेमागचे कारण सरळ आहे. रंगीत पेन्सिलीचे नुकतेच काढलेले टोक चार-सहा रेघांत बोथट होते आणि मग तिची रेघ एक मिलिमीटरहून जाड उमटते. तीन मिलिमीटरच्या कप्प्यात अशा पेन्सिलीला वळायलाच जागा नसते. दर मिनिटाला टोक काढावे लागते, रेघ बाहेर जाते आणि विरंगुळ्याची जागा वैताग घेतो.

दुसरी गोष्ट कप्प्यांच्या संख्येची. एखादे मंडल बारा भागांत विभागलेले आहे, त्यात आठ वलये आहेत आणि प्रत्येक वलयाच्या प्रत्येक भागात तीन कप्पे आहेत असे धरले, तर एकूण कप्पे २८८ होतात. कप्प्याला अर्धा मिनिट लागला तरी पान पूर्ण व्हायला १४४ मिनिटे, म्हणजे जवळपास अडीच तास लागतात. याउलट आठ भाग आणि पाच वलयांच्या साध्या मंडलात ४० कप्पे असतात. मोठ्या कप्प्याला एक मिनिट धरला तरी ते चाळीस मिनिटांत पुरे होते. दुपारच्या चहापूर्वी बसून एक पान हातावेगळे करता आले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावेसे वाटते. सुरुवातीला सहा किंवा आठ भागांची, चार ते सहा वलयांची मंडले निवडावीत.

तिसरी गोष्ट रेघेची. बाह्यरेषा ठळक, काळी आणि अखंड असावी. जाड रेघ थोडीशी चूक पोटात घेते, कारण रंग तिच्यावर गेला तरी दिसत नाही. फिकट करड्या रेषांची पुस्तके रंगवून झाल्यावर देखणी दिसतात, परंतु चाळिशी लागलेल्या डोळ्यांना त्या रेषा सापडत नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे कप्पे असलेली पुस्तकेही मिळतात. त्यांत रंग उठून दिसतो. मात्र काळा भाग सतत पाहून काहींचे डोळे शिणतात, आणि पेन्सिलीचा भुसा त्यावर चटकन दिसतो.

संगणकाच्या मदतीने घाईघाईने तयार केलेली पुस्तकेही अलीकडे मोठ्या संख्येने विक्रीस येतात. त्यांतील दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. समोरासमोरच्या पाकळ्या मोजाव्यात. एका बाजूस सात आणि दुसऱ्या बाजूस आठ पाकळ्या निघाल्या, किंवा रेघा मध्येच तुटून कप्पे उघडे राहिले, तर ते पुस्तक घेऊ नये. मंडलाचे सौंदर्य समतोलात असते. तोच चुकला असेल तर कोणताही रंग तो सावरू शकत नाही. एकच आकृती किंचित फिरवून तीन-चार पानांवर छापली आहे का, हेही पाहावे. इंटरनेटवरून खरेदी करताना प्रकाशकाने दिलेल्या चित्रांपेक्षा ग्राहकांनी काढलेली आतल्या पानांची छायाचित्रे अधिक विश्वासार्ह असतात.

कागदाची परीक्षा

रंग कोणते वापरता येतील याचा निर्णय कागद करतो. कागदाचा दर्जा सांगताना ‘जीएसएम’ हे माप वापरतात. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, असा त्याचा अर्थ. झेरॉक्ससाठी वापरला जाणारा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो. अनेक स्वस्त रंगपुस्तके याच कागदावर छापली जातात. त्यावर रंगीत पेन्सिल चालते, पण स्केचपेनची शाई पाठीमागे उतरते. १०० ते १२० जीएसएमचा कागद पेन्सिल, जेल पेन आणि बारीक टोकाची पेने यांना पुरतो. स्केचपेन मोकळेपणाने वापरायचे असतील तर १५० जीएसएम किंवा त्याहून जाड कागद घ्यावा. पाण्याचा वापर करायचा असेल तर २०० जीएसएमच्या खाली जाऊ नये. जलरंगांसाठी खास बनवलेला कागद तर बहुधा ३०० जीएसएमचा असतो.

पुस्तकावर जीएसएमचा आकडा नेहमी छापलेला नसतो. अशा वेळी पान उजेडासमोर धरावे. मागची नक्षी स्पष्ट दिसत असेल, तर कागद पातळ आहे. नंतर पानावरून बोट फिरवावे. किंचित खरखरीत लागणारा कागद पेन्सिलीचा रंग धरून ठेवतो. चकचकीत, गुळगुळीत कागदावर पेन्सिल घसरते आणि रंगाचा दुसरा थर बसत नाही. फार खरबरीत कागदावर मधूनमधून पांढरे ठिपके राहतात.

छपाई एकाच बाजूला असावी. पाठपोट छापलेल्या पुस्तकात पानांची संख्या दुप्पट वाटते, पण एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूस उतरली की दोन्ही आकृत्या वाया जातात. म्हणजेच पन्नास आकृत्यांचे पाठपोट पुस्तक आणि पंचवीस आकृत्यांचे एकपाठी पुस्तक यांत स्केचपेन वापरणाऱ्याच्या दृष्टीने काहीच फरक नसतो.

आकार आणि बांधणी

ए-४ म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर, किंवा साधारण साडेआठ इंची चौरस हे आकार नवशिक्यांना सोयीचे. खिशात मावणारी छोटी पुस्तके प्रवासासाठी आकर्षक वाटतात, पण त्यांतील कप्पे त्याच प्रमाणात लहान असतात. बांधणी पाहताना पुस्तक टेबलावर सपाट उघडते का, एवढेच तपासावे. डिंकाने चिकटवलेल्या जाड पुस्तकात पान मध्यभागी फुगून राहते आणि मंडलाची आतली कड शिवणीत अडकते. स्पायरल बांधणीचे पुस्तक पूर्ण उलटे दुमडता येते. मंडल रंगवताना पुस्तक सतत फिरवावे लागत असल्याने ही सोय महत्त्वाची आहे. डावखुऱ्या व्यक्तीच्या हाताला डावीकडची तार टोचते. त्यांनी वरच्या बाजूला तार असलेले किंवा पाने सहज सुटी करता येणारे पुस्तक घ्यावे. छिद्रांच्या रेघेवर फाडता येणारी पाने असतील तर पान पुठ्ठ्यावर लावून रंगवता येते.

रंगीत पेन्सिली : पहिली पसंती

सोप्या मंडलांसाठी सर्वांत योग्य साहित्य म्हणजे रंगीत पेन्सिली. त्या पातळ कागदावरही चालतात, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, दाब कमी-जास्त करून एकाच पेन्सिलीतून फिकट व गडद छटा मिळतात आणि चूक झाल्यास रंग थोडा तरी उतरवता येतो. पेन्सिलीतील रंगद्रव्य मेणात किंवा तेलात बांधलेले असते. मेणाच्या मऊ पेन्सिली भरभर रंग सोडतात, पण त्यांचे टोक लवकर झिजते आणि पडल्यास आतले शिसे तुटते. तेलाच्या पेन्सिली किंचित कठीण असतात आणि बारीक टोक अधिक काळ टिकवतात. मात्र त्या महाग पडतात.

बाजारात विद्यार्थ्यांसाठीचे आणि चित्रकारांसाठीचे असे दोन दर्जे असतात. १९३१ साली मुंबईत दि. प. दांडेकर यांनी शाईच्या व्यवसायापासून सुरू केलेल्या, आणि आता जपानच्या कोकुयो कंपनीच्या ताब्यात असलेल्या कॅम्लिनपासून डोम्स, अप्सरा, फेबर-कॅसलपर्यंत अनेक नावांच्या विद्यार्थी दर्जाच्या पेन्सिली शहरांतच काय, तालुक्याच्या गावीही मिळतात. सुरुवातीला त्या पुरेशा आहेत. चित्रकारांच्या पेन्सिलींत रंगद्रव्याचे प्रमाण अधिक असते आणि त्यांचा रंग उन्हात लवकर उडत नाही. पण पहिली दहा पाने पूर्ण होण्याआधी त्यांवर खर्च करण्याचे कारण नाही.

रंगांची संख्या हा मोहाचा विषय. पाऊणशे रंगांची पेटी उघडताना आनंद होतो आणि निवडताना गोंधळ. मंडलात नक्षी पुन्हा पुन्हा येत असल्याने चार-पाच रंगांतच पान भरते. बारा रंगांचा संच पुरतो, चोवीस रंगांत सगळ्या गरजा भागतात. संचात पांढरी पेन्सिल असावी. गडद थरावर ती घासली की रंग एकजीव होऊन तुळतुळीत दिसतो. संपलेला रंग सुटा विकत मिळत असेल, तर त्या प्रकाराला प्राधान्य द्यावे. सांध्यांचे दुखणे असलेल्यांनी जाड, तीनधारी पेन्सिल घ्यावी. ती पकडायला कमी जोर लागतो आणि ती टेबलावरून घरंगळत नाही.

पेने, मार्कर आणि जलरंग

बारीक टोकाच्या पेनांना दुकानात ‘फाइनलायनर’ म्हणतात. त्यांचे टोक ०.३ ते ०.४ मिलिमीटरचे असते. कडा रेखण्यासाठी आणि अगदी लहान कप्प्यांसाठी ती उत्तम. मोठा कप्पा भरायला घेतला तर रेघांचे पट्टे दिसतात आणि हात दुखतो. म्हणजेच सोप्या पुस्तकासाठी ती पूरक आहेत, मुख्य साहित्य नव्हेत.

शाळेतले स्केचपेन मोठ्यांच्याही कामाचे आहेत. रंग तजेलदार येतो आणि दाब द्यावा लागत नसल्याने अशक्त हातांना ते पेन्सिलीपेक्षा सोपे जातात. मात्र त्यांची शाई पाण्याची असते. एकाच जागी वारंवार फिरवल्यास कागद भिजून त्याचे तंतू सुटतात. एका दिशेने एकदाच फिरवावे आणि वाळू द्यावे. जेल पेनांतील सोनेरी, रुपेरी किंवा चमकीची शाई मध्यबिंदू आणि ठिपके सजवण्यास छान दिसते, पण ती सावकाश वाळते. तिच्यावर तळहात फिरला की पान खराब होते.

अल्कोहोलच्या शाईचे मार्कर सपाट, पट्टेविरहित रंग देतात, म्हणून त्यांची जाहिरात जोरात असते. नेहमीच्या रंगपुस्तकात ते वापरू नयेत. ती शाई जाड कागदातूनही पाठीमागे उतरते आणि पुष्कळदा खालच्या पानापर्यंत पोहोचते. शिवाय बंद खोलीत तिचा वास त्रासदायक ठरतो. मेणखडू आणि तेलखडू यांचे टोक जाड असल्याने मंडलाच्या कप्प्यांत ते बसत नाहीत. जलरंगी पेन्सिली कोरड्या वापरल्यास साध्या पेन्सिलींसारख्याच चालतात. ब्रश ओला करण्यापूर्वी कागदाची जाडी पाहावी.

कोणतेही साहित्य आणले तरी पहिला प्रयोग पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर करावा. प्रत्येक रंगाचा छोटा चौकोन भरून खाली त्याचा क्रमांक लिहावा. पेन्सिलीच्या लाकडावरचा रंग आणि कागदावर उमटणारा रंग यांत फरक असतो. त्याच पानाची मागची बाजू पाहिली की शाई उतरते का, तेही कळते.

सोबतचे साहित्य आणि बैठक

चांगला शार्पनर हा या छंदातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. बोथट पात्याच्या शार्पनरमध्ये मऊ शिसे तुटते आणि दोष पेन्सिलीला दिला जातो. धातूचा शार्पनर घ्यावा आणि शिसे वारंवार तुटू लागले की बदलावा. खोडरबर, भुसा झटकण्यासाठी मऊ ब्रश, तळहाताखाली ठेवायला एक कोरा कागद आणि पानामागे सरकवायला पुठ्ठा एवढे सोबत असले की झाले. तळहाताखालचा कागद रंग पसरू देत नाही. पानामागचा पुठ्ठा खालच्या पानावर पेन्सिलीचे वळ उमटू देत नाही.

उजवा हात वापरणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, डावखुऱ्याने उजवीकडे, म्हणजे हाताची सावली पानावर पडत नाही. जवळचे पाहण्याचा चष्मा असेल तर तो लावूनच बसावे. वीस-पंचवीस मिनिटांनी मान वर करून दूर पाहावे आणि बोटे मोकळी करावीत.

पहिले पान कसे रंगवावे?

रंगवण्यास मध्यबिंदूपासून सुरुवात करावी आणि बाहेर यावे. एक वलय पूर्ण झाल्यावरच पुढचे घ्यावे. एका वलयातील सारखे कप्पे एकाच रंगात भरायचे, एवढा एकच नियम पाळला तरी मंडल आपोआप समतोल दिसते. सुरुवातीला तीन रंग निवडावेत. पिवळा, केशरी, लाल किंवा आकाशी, निळा, हिरवा असे शेजारधर्म पाळणारे रंग एकत्र घेतले की चूक होत नाही. विरोधी रंग, उदाहरणार्थ निळ्या मंडलात केशरी, केवळ मध्यबिंदूला किंवा एखाद्या वलयाला द्यावा. काही कप्पे पांढरेच ठेवले तर नक्षी मोकळी दिसते.

पेन्सिलीचा रंग एकदम दाबून भरू नये. हलक्या हाताने लहान लहान वर्तुळे काढत पहिला थर द्यावा, मग दुसरा. दाबून भरलेल्या रंगावर नवा थर बसत नाही आणि तो खोडताही येत नाही. रांगोळीची सवय असलेल्या हातांना रंगांचा अंदाज लवकर येतो. फरक एवढाच, की रांगोळीत चिमटीने रंग सोडायचा असतो आणि इथे तो घासून बसवायचा असतो.

कमी खर्चातला मार्ग

छंद रुचेल की नाही याची खात्री नसताना पुस्तक विकत घेण्याची घाई करू नये. इंटरनेटवर वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य दिलेल्या मंडलांच्या आकृत्या मिळतात. त्या जाड कागदावर छापून घ्याव्यात. इंकजेट प्रिंटरची शाई पाण्याच्या स्केचपेनने फिसकटू शकते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्सची काळी रेघ फिसकटत नाही. घरचा प्रिंटर किती जाड कागद घेतो हे आधी पाहावे, नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम होते.

बारीक नक्षीचे पुस्तक आधीच घरात येऊन पडले असेल, तर त्यावरही हाच उपाय आहे. ए-४ आकाराचे पान १४१ टक्के मोठे करून ए-३ कागदावर झेरॉक्स काढले, की पाच मिलिमीटरचा कप्पा सात मिलिमीटरचा होतो आणि रंगवायची जागा दुप्पट होते. नको असलेले पुस्तक अशा रीतीने वापरात येते. अर्थात अशा प्रती स्वतःच्या वापरापुरत्याच असाव्यात. त्या वाटणे किंवा विकणे कायद्याला धरून नाही.

साहित्य प्रत्यक्ष पाहून घ्यायचे असेल, तर पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट ही स्टेशनरीची जुनी ठिकाणे आहेत. खरेदी करताना वेष्टनावर विषारी घटक नसल्याचा उल्लेख आहे का, ते पाहावे. घरात लहान नातवंडे असतील तर हे विशेष महत्त्वाचे, कारण आजोबांच्या पेन्सिली त्यांच्या हाती जाणारच.

विरंगुळा की उपचार?

मंडल रंगवल्याने ताण जातो, असा दावा पुस्तकांच्या पाठपृष्ठांवर सर्रास केलेला असतो. त्याला काही आधार आहे, पण तो मर्यादित आहे. अमेरिकेतील नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी भीतिदायक प्रसंग आठवायला लावून नंतर वीस मिनिटे रंगवायला दिले. मंडल रंगवणाऱ्यांची आणि चौकटींची नक्षी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर हवे ते रंगवणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. २०१२ साली इतर दोघा संशोधकांनी ५० प्रौढांवर तोच प्रयोग केला. तेव्हा मंडलाचा परिणाम दिसला, पण चौकटींच्या नक्षीचा वेगळा परिणाम आढळला नाही. हे अभ्यास लहान आहेत आणि त्यांत मोजली गेली ती त्या घटकेची अस्वस्थता. त्यावरून दीर्घकाळच्या नैराश्यावर किंवा चिंताविकारावर रंगपुस्तक हा इलाज आहे, असे म्हणता येत नाही.

कलोपचार ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे. तीत प्रशिक्षित तज्ज्ञ आणि रुग्ण यांच्यातील संवाद महत्त्वाचा असतो. रंगपुस्तक म्हणजे कलोपचार नव्हे, हे त्या क्षेत्रातील तज्ज्ञांनीच स्पष्ट केलेले आहे. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांकडेच जावे. त्यांच्या उपचारासोबत रंगवायला बसण्यास अर्थातच हरकत नाही.

आजारपणातून उठलेल्या किंवा स्मरणशक्ती मंदावलेल्या ज्येष्ठांना रंगकाम देताना आणखी एक पथ्य पाळावे. सोपे हवे म्हणून त्यांच्यापुढे बालवाडीतील बदक आणि चेंडूची पुस्तके ठेवली जातात, आणि आयुष्यभर घर किंवा कचेरी चालवलेल्या माणसाला ते लागते. मोठ्या कप्प्यांचे, ठळक रेघांचे मंडल तितकेच सोपे असते, पण त्यात पोरकटपणा नसतो. सोप्या मंडलांची खरी उपयुक्तता इथेच आहे.

तेव्हा कुणाला हे पुस्तक भेट द्यायचे असेल, तर देण्यापूर्वी त्यातले एक पान निवडून उलट्या पेन्सिलीची परीक्षा करावी. कागदावरून बोट फिरवावे. वीस-पंचवीस आकृत्यांचे एकपाठी छपाईचे पुस्तक, बारा पेन्सिली आणि एक चांगला शार्पनर एवढीच भेट पुरे आहे. शक्य असल्यास पहिले पान रंगवताना शेजारी बसावे आणि पूर्ण झालेल्या पानाच्या कोपऱ्यात तारीख घालायला सांगावी. दोन-तीन तारखा पडल्या, की पुस्तक कपाटाच्या वरच्या खणात जात नाही.